चहाच्या झुडपाची बेगमी

चहाचे झुडूप बारा महिने हिरवे असते आणि त्यामुळेच त्याच्या आत काय चालले आहे याकडे पाहणाऱ्याचे लक्ष जात नाही. पळस किंवा पांगारा पाने टाकून उघडा पडतो, तेव्हा झाडाने काहीतरी आवरून ठेवले आहे हे कोणालाही कळते. चहाचे तसे नाही. कडेला बारीक दाते असलेली त्याची गडद, चिवट पाने थंडीतही फांद्यांवर असतात. वसंतात त्यांच्याच बगलेतल्या डोळ्यांतून पोपटी कोंब वर येतात. ते खुडले जातात आणि पुन्हा येतात. मुळे जमिनीतून ओढतात आणि शेंडे वाढतात, एवढाच या झुडपाचा व्यवहार असावा असे वाटते. प्रत्यक्षात वसंतातल्या पहिल्या कोंबात जे नत्र, म्हणजे नायट्रोजन, असते, त्याचा मोठा वाटा त्या वसंतात जमिनीतून आलेलाच नसतो. तो आदल्या उन्हाळ्यात आणि शरदात झुडपात शिरलेला असतो, हिवाळाभर जुन्या पानांत, खोडांत आणि मुळांत राहिलेला असतो आणि कोंब फुटण्याच्या वेळी तिथून सोडवून वर पाठवला जातो. कृषी वनस्पतिशास्त्र शिकताना हे पहिल्यांदा वाचले, तेव्हापासून सदाहरित झुडपाचे जुने पान मला निराळे दिसू लागले आहे.

नत्राचीच एवढी काळजी का, हे आधी पाहायला हवे. हवेचा सुमारे 78 टक्के भाग नायट्रोजन असतो, पण तो वायुरूपात झाडाच्या काहीच उपयोगाचा नसतो. चहाला तो जमिनीतून, मुख्यतः अमोनियमच्या रूपात, मुळांवाटे घ्यावा लागतो. बहुतेक पिके नायट्रेटवर चांगली पोसतात. चहा मात्र आम्लधर्मी, साधारण साडेचार ते साडेपाच सामूच्या (पीएचच्या) जमिनीत वाढणारे झुडूप असल्याने त्याचा ओढा अमोनियमकडे अधिक आहे. जमिनीतले सेंद्रिय द्रव्य कुजून अमोनियम मोकळे करण्याचे काम सूक्ष्मजीव करतात आणि माती गार असली की त्यांचे काम मंदावते. मुळांची शोषणशक्तीही थंडीत उतरते. इकडे कोंबाची मागणी मात्र नेमकी त्याच सुमारास सर्वांत जास्त असते. नव्या पेशी बांधायच्या म्हणजे प्रथिने हवीत, न्यूक्लिक आम्ले हवीत, आणि या दोन्हींत नत्र ठासून भरलेले असते. चहाच्या कोवळ्या कोंबाच्या कोरड्या वजनात पाच-सहा टक्के नत्र सापडते, तर पूर्ण पिकलेल्या पानात ते तीन टक्क्यांच्या आसपास असते. मागणी शिगेला आणि पुरवठा तळाला, अशा आठवड्यांत हे झुडूप भराभर पालवते. कोकणातले घर वैशाखातच पावसाळ्याची बेगमी करून ठेवते आणि आषाढात वाट बंद पडली तरी तिथली चूल पेटत राहते; चहाच्या झुडपाची व्यवस्था त्याच जातीची आहे.

ही बेगमी ठेवली कुठे जाते? पानगळ करणारी झाडे हिवाळ्यापूर्वी पानांतले नत्र काढून घेतात आणि साल, लाकूड व मुळे यांत खास साठवणीच्या प्रथिनांच्या रूपाने ठेवतात. सदाहरित झुडपाला पान टाकायचे नसते, त्यामुळे त्याचे पान हेच त्याचे सर्वांत मोठे कोठार होऊ शकते. हे कोठार वेगळे बांधावे लागत नाही, कारण पानात अन्न तयार करणारे जे मुख्य प्रथिन असते, तेच साठवणीचेही काम करते. त्याचे नाव रुबिस्को. हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडून साखरेच्या मार्गाला लावणे हे त्याचे काम, आणि या कामात ते फार संथ आहे. त्याच्या रेणूतली एकेक क्रियाशील जागा सेकंदाला जेमतेम तीन-चार वेळा आपले काम उरकते. पुरेसे अन्न तयार व्हायचे तर पानाला ते प्रचंड प्रमाणात बाळगावे लागते. पानातल्या विद्राव्य प्रथिनांपैकी निम्म्यापर्यंत वाटा एकट्या रुबिस्कोचा असतो. हिवाळ्यात ऊन कमी आणि तापमान खाली असताना हे सगळे प्रथिन कामाला जुंपलेले नसते. त्यातला काही भाग नुसता उभा असतो, आणि झुडपाच्या दृष्टीने तो नत्राचा साठा असतो. हरितद्रव्याच्या रेणूतही मॅग्नेशियमभोवती नत्राचे चार अणू असतात, पण पानाच्या एकूण नत्रात त्यांचा वाटा थोडा. पान पिवळे पडते तेव्हा डोळ्याला हरितद्रव्याचे जाणे दिसते. त्याहून कितीतरी मोठी हालचाल प्रथिनांत झालेली असते आणि ती दिसत नाही.

कोंब जागा झाला की जुन्या पानात मोडणी सुरू होते. हरितलवकाच्या, म्हणजे पेशीतल्या हरितद्रव्य असलेल्या भागाच्या, आतून रुबिस्कोचे लहान लहान पुंजके वेगळे काढले जातात, पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे द्रवाने भरलेल्या पिशवीत, नेले जातात आणि तिथली विकरे (एन्झाइम) त्यांचे तुकडे करतात. पेशीने स्वतःचाच काही भाग पचवण्याच्या या क्रियेचा उलगडा करण्याबद्दल योशिनोरी ओसुमी यांना 2016 सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे मूळ काम यीस्टवरचे होते, आणि या विषयाशी त्याचे नाते जवळचे आहे, कारण ही क्रिया डोळ्यांनी दिसावी म्हणून त्यांनी यीस्टच्या पेशींना नत्रावाचूनच उपाशी ठेवले होते. ज्या पेशींत पचवणारी विकरे नव्हती, त्यांच्या रिक्तिकेत न पचलेले पुंजके साठत गेले आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते ओळखता आले. नत्राची चणचण पडली की स्वतःकडचे नत्र सोडवून घ्यायचे, ही युक्ती यीस्टपासून चहापर्यंत एकच आहे हे वाचून मला फार आनंद झाला होता.

प्रथिनाचे तुकडे होऊन अमिनो आम्ले हाती येतात, पण ती सगळी प्रवासाला सारखीच सोयीची नसतात. त्यांतल्या बऱ्याचशा नत्राचे रूपांतर ग्लुटामिनसारख्या रेणूंत होते, ज्यात थोड्या कार्बनबरोबर जास्त नत्र वाहून नेता येते. ही अमिनो आम्ले रसवाहिन्यांतून साखरेच्या सोबतीने वाढत्या शेंड्याकडे जातात. तिथे त्यांच्यापासून पुन्हा प्रथिने तयार होतात, आणि काही आठवड्यांपूर्वी जुन्या पानाच्या रुबिस्कोत असलेला नत्राचा अणू नव्या पानाच्या रुबिस्कोत जाऊन बसतो.

यात मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की, देणारे पान या देण्याने मरतेच असे नाही. नत्र काढून घेणे म्हणजे पानाचा शेवट, अशी आपली समजूत पानगळीच्या झाडांवरून झालेली असते. चहाचे पान साधारण वर्ष-दीड वर्ष टिकते. वसंतात ते आपल्या साठ्यातले काही नत्र देते, तरी हिरवे राहते, अन्न तयार करत राहते, आणि पुढे मुळांकडून पुरवठा सुरळीत झाला की त्याच्यात पुन्हा भर पडते. सगळ्यात खालची, सावलीत गेलेली पाने मात्र पालवी फुटू लागली की पिवळी होऊन गळतात, आणि गळण्यापूर्वी त्यांच्याकडून जास्तीत जास्त काढून घेतले जाते. हे काढून घेणे कधीच पूर्ण नसते. जगभरातल्या सदाहरित आणि पानगळीच्या वनस्पतींची मोजमापे एकत्र पाहिली तर गळणाऱ्या पानातून सरासरीने निम्म्याच्या आसपास नत्र परत घेतले जाते; बाकीचे पेशीभित्तीला बांधलेले किंवा सुटण्यास अवघड अशा रूपात पानाबरोबर जमिनीवर जाते. विशेष म्हणजे सदाहरित वनस्पती या बाबतीत पानगळीच्या झाडांहून काकणभर मागेच असतात. त्यांची खरी काटकसर पान दीर्घकाळ वापरण्यात आहे. एकदा मिळवलेले नत्र जितके दिवस झुडपात फिरत राहील, तितके दिवस जमिनीकडे हात पसरावा लागत नाही.

पाने हे मोठे कोठार, तर मुळे हे दुसरे, आणि चहाच्या बाबतीत ते फार खास आहे. चहाच्या मुळांत ग्लुटामेट आणि एथिलअमिन यांच्या जोडणीतून थिआनिन नावाचे अमिनो आम्ल तयार होते. प्रथिने बांधणाऱ्या नेहमीच्या वीस अमिनो आम्लांत ते मोडत नाही. इतर बहुतेक वनस्पतींत ते सापडत नाही, आणि चहात मात्र मुक्त अमिनो आम्लांपैकी निम्मे किंवा त्याहूनही अधिक तेच असते. 1949 मध्ये जपानमध्ये, सावलीत वाढवलेल्या ग्योकुरो या चहात, ते पहिल्यांदा ओळखले गेले. थिआनिनच्या रेणूत नत्राचे दोन अणू असतात. शरदात मुळांनी घेतलेले अमोनियम पेशीत मोकळे राहिले तर घातक ठरते. थिआनिनच्या रूपात ते निर्धोकपणे ठेवता येते. त्याच्याबरोबर आर्जिनिनही साठते, ज्यात नत्राचे चार अणू असतात. वसंतात जलवाहिन्यांतून वर चढणाऱ्या रसात हे थिआनिन मोठ्या प्रमाणात असते. म्हणजे नव्या कोंबाला दोन वाटांनी नत्र मिळते: खालून मुळांतले, आणि शेजारून, हाताच्या अंतरावरच्या, जुन्या पानांतले.

हे सगळे कळले कसे, असा प्रश्न पडणे साहजिक आहे, कारण नत्राच्या अणूवर तो कधी शोषला याची खूण नसते. खूण करण्याचा एक मार्ग आहे. निसर्गातल्या नत्राचे बहुतेक अणू 14 वस्तुमानाचे असतात. 15 वस्तुमानाचे, किंचित जड अणू हजारात चारही भरत नाहीत. ते किरणोत्सारी नसतात आणि झुडूप त्यांना जवळपास सारखेच वागवते. या जड नत्राने समृद्ध केलेले खत शरदात एका झुडपाला घालायचे, हिवाळ्यानंतर साधे खत द्यायचे, आणि वसंतात पान, खोड, मूळ व कोंब वेगवेगळे करून प्रत्येकात जड अणूंचे प्रमाण मोजायचे. जपानी संशोधकांनी चहावर असे प्रयोग केले, आणि शरदात शोषलेले नत्र हिवाळ्यात झुडपात साठून वसंताच्या पहिल्या कोंबांत उतरते, तसेच पक्व पाने या साठ्याचा मोठा आधार असतात, हे त्यांतून स्पष्ट झाले. वसंतात कोंबांच्या तोंडावर दिलेल्या खताचा बराचसा भाग पुढच्या खुडणीच्या कामी येतो. आज टाकलेल्या खताचे फळ आजच्या शेंड्यात शोधणाऱ्या शेतकऱ्याला हे पटायला जड जाते, आणि त्याचे मला नवल वाटत नाही, कारण एरवी शेतात आपल्याला खत आणि हिरवेपणा यांचा संबंध आठवड्याभरात दिसायची सवय असते.

जपानमधल्या शिझुओका या चहाच्या प्रांतात राहत असताना मी हा काळ जवळून पाहिला. तिथल्या पंचांगात फेब्रुवारीच्या सुरुवातीला वसंतारंभ धरतात आणि तिथून अठ्ठ्याऐंशीवी रात्र मे महिन्याच्या पहिल्या-दुसऱ्या तारखेला येते; पहिल्या खुडणीचा तो परंपरागत मुहूर्त. एप्रिलमध्ये मळ्याच्या कडेला उभे राहिले की ताटव्यासारख्या कापलेल्या झुडपांच्या माथ्यावर पोपटी रंगाचा एक पातळ थर चढताना दिसतो. एक कोंब आणि त्याच्या खालचे जुने पान एकाच वेळी बोटांत धरले तर फरक लगेच कळतो. जुने पान जाड, गुळगुळीत, दुमडले की कडकन मोडणारे असते. कोंबाचे मिटलेले टोक मऊ लवेने पांढुरके दिसते आणि बोटांत चुरगळले तर ओलसर चिकटते. त्या मऊ टोकातले बरेचसे नत्र चार बोटे खालच्या त्या कडक पानातून आलेले असू शकते, हे ठाऊक असून पाहण्यात निराळे समाधान आहे.

त्या मळ्यांत उंच खांबांवर पंखे लावलेले असतात. निरभ्र रात्री जमिनीलगतची हवा गोठणबिंदूकडे उतरते, तर काही मीटर वर ती थोडी उबदार असते. ती खाली ढकलण्यासाठी हे पंखे आपोआप सुरू होतात. एप्रिलमधल्या एका रात्रीचे दहिवर फुटलेले कोंब काळे करून टाकते. झुडूप त्याने मरत नाही, खालचे डोळे पुन्हा फुटतात. पण पहिल्या कोंबांत ओतलेले नत्र गेलेले असते आणि दुसऱ्या वेळी फुटण्यासाठी साठ्यात पूर्वीइतके उरलेले नसते, त्यामुळे येणारे कोंब उशिरा आणि कमी येतात. पंख्यांची ती घरघर मी रात्री घरातून ऐकत असे, आणि तो सगळा खटाटोप वर्षभराच्या साठवणुकीसाठी चालला आहे हे माहीत असल्याने तिचा त्रास कधी वाटला नाही.

पहिल्या खुडणीच्या चहाची किंमत सर्वांत जास्त असते, आणि तिचे कारण थेट या साठवणीत आहे. साठ्यातून वर आलेले थिआनिन त्या कोंबांत भरपूर असते, म्हणून त्याला गोडसर, भरीव चव येते. जूनपासूनच्या दुसऱ्या-तिसऱ्या खुडणीपर्यंत साठा उतरलेला असतो, ऊन कडक असते, आणि उजेडात थिआनिनचे विघटन होऊन त्यातला एथिलअमिनचा भाग कॅटेचिनांच्या घडणीत खर्ची पडतो. हीच द्रव्ये चहाला तुरटपणा देतात. ग्योकुरोचे मळे खुडणीपूर्वी वीस-एक दिवस जाळीने किंवा गवती चटयांनी झाकतात ते याचसाठी. झाकलेल्या झुडपात थिआनिन मोडत नाही आणि कोंबात तसेच राहते. आपल्या दुधासाखरेच्या चहात ही चव जिभेला वेगळी सापडत नाही. तरतरी आणणारे कॅफिन मात्र आपल्यालाही मिळते, आणि त्याच्या रेणूतही नत्राचे चार अणू असतात. कोवळा कोंब किडींसाठी आयते पक्वान्न असतो, म्हणून झुडूप आपल्या मोलाच्या नत्रातला काही भाग त्याच्या रक्षणासाठी कॅफिनमध्ये घालते.

याच चवीच्या हव्यासापायी शिझुओकातले खतांचे प्रमाण एके काळी हाताबाहेर गेले. गेल्या शतकाच्या अखेरीस तिथल्या मळ्यांत हेक्टरी 1000 किलोहून अधिक नत्र घातले जात होते. हेक्टरी 3 टन तयार चहा निघाला, तरी त्यातून बाहेर जाणारे नत्र दीडशे किलोच्या आसपास भरते. झुडपाची मुळे आणि पाने मिळून कितीही साठवोत, त्या साठ्याला मर्यादा आहे. ती भरल्यावर वरचे नत्र मातीत नायट्रेट होऊन भूजलात उतरले, तळी आम्लधर्मी झाली, आणि दाट क्षारांनी मळ्यांतली पांढरी शोषक मुळेच जळाली. ज्या मुळांत वसंताचे थिआनिन तयार व्हायचे, तीच खताने मारली गेली, याचे मला खरोखर वाईट वाटते. पुढे शिफारशी बऱ्याच खाली आणल्या गेल्या, आणि चहाची प्रत ढासळली नाही.

आसामात आणि दक्षिणेत या साठवणीशी गाठ पडते ती छाटणीच्या वेळी. आसामात दिवस सव्वाअकरा तासांहून लहान झाले की झुडूप हळूहळू झोपी जाते. शेंड्यावरचा डोळा वाढायचा थांबतो. अशा निजलेल्या शेंड्याला मळ्यांत बांझी म्हणतात. ठरावीक वर्षांनी याच विश्रांतीच्या काळात झुडूप खाली छाटतात, आणि त्या एका दिवसात त्याचे पानांतले जवळपास सगळे नत्र कापून जमिनीवर पडते. नवे धुमारे मुळांच्या आणि उरलेल्या खोडाच्या साठ्यावरच फुटायचे असतात. दक्षिणेतल्या मळ्यांत छाटणीपूर्वी पेन्सिलीएवढ्या जाडीचे मूळ कापून त्याच्या छेदावर आयोडीन लावून पाहण्याची पद्धत आहे. छेद काळानिळा झाला तर पिष्ट (स्टार्च) पुरेसे आहे, फिका राहिला तर छाटणी लांबवायची. आयोडीनला पिष्ट कळते, नत्र कळत नाही. तरी भरलेल्या मुळाची ती ढोबळ परीक्षा उपयोगी पडते. काही ठिकाणी छाटताना झुडपाच्या कडेच्या, पाने असलेल्या दोन-तीन फांद्या मुद्दाम ठेवतात. इंग्रजी काळापासून मळेवाले त्यांना फुप्फुसे म्हणत आले आहेत. धुमारे हातभर होईपर्यंत या फांद्या अन्नही पुरवतात आणि नत्रही, आणि मग त्याही कापल्या जातात. छाटलेला पाला जळणासाठी बाहेर नेऊ नये असे मळ्यांत आग्रहाने सांगितले जाते, कारण त्यातले नत्र कुजून पुन्हा त्याच मुळांकडे यायचे असते.

महाराष्ट्रात चहा पिकत नाही, पण ही रीत आपल्याकडे अनोळखी नाही. कोकणातल्या जांभ्याच्या सड्यावर करवंदीची जाळी भर उन्हात, माती कोरडीठाक असताना पालवते आणि फुलते. त्या वेळी मुळांना जमिनीतून फार काही मिळण्यासारखे नसते. विदर्भातला संत्र्याचा आंबिया बहार तर याचे उघड उदाहरण आहे. संत्रा सदाहरित. डिसेंबरात पाणी तोडून झाडाला ताण देतात, जानेवारी-फेब्रुवारीत पालवी आणि फुले एकदम येतात. लिंबूवर्गीय झाडांवर जड नत्राचे जे प्रयोग झाले आहेत, त्यांत या पालवीचे आणि फुलांचे बहुतेक नत्र साठ्यातून, त्यातही मुख्यतः जुन्या पानांतून आलेले आढळले. म्हणून पावसाळ्याच्या अखेरीस काळ्या माशीने पानांवर कोळशी, म्हणजे काळी बुरशी, धरली आणि पाने गळाली, तर बागायतदाराचे नुकसान त्या पानांपुरते थांबत नाही; फेब्रुवारीत ज्या नत्रावर फुले धरायची, ते झाडाबाहेर गेलेले असते, आणि फुलोऱ्याच्या वेळी कितीही युरिया घातला तरी ती तूट त्या बहारात भरून निघत नाही. पान तपासणीसाठी फळ नसलेल्या फांदीवरची चार ते सात महिन्यांची पाने मागतात. अगदी कोवळ्या पानात नत्राचा आकडा नेहमीच मोठा दिसतो, अगदी जुन्या पानातले नत्र बाहेर जाऊ लागलेले असते. झाडाजवळ शिल्लक किती आहे, याचा अंदाज या मधल्या वयाच्या पानांवरूनच बांधता येतो.